पद्मिनीला गव्हर्नर

"अरे मेल्या, गाडी आपसूक धावतली तर तू थंय बसान काय करतलंस, निजतलंस?"

शेजारच्या आबांनी गडग्यावरून हे विचारलं तेव्हा मी मांगरात (म्हणजे शेडमध्ये) गाडीखाली झापावर उताणा पडलेलो होतो, तोंडात टॉर्च, एका हातात प्लास्टिकची टाय आणि दुसऱ्या हाताने प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) धरलेला, त्यामुळे उत्तर काही देता आलं नाही. टॉर्च दातांत धरून "हूं" म्हटलं. आबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि संध्याकाळपर्यंत कट्ट्याच्या तिठ्यावर बातमी, की ह्याची फियाट आता ड्रायव्हरशिवाय धावणार.

तर तसं काही नाही. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, हँडल गियर, १०८९ सीसी, बाबांनी १९९१ मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, आणि तिला मी घरीच क्रूझ कंट्रोल बसवलंय. म्हणजे एकदा स्पीड सेट केला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, गाडी तोच स्पीड धरून ठेवते. स्टेअरिंग, ब्रेक, समोरच्या म्हशी, हे सगळं आपल्याकडेच.

आता ४० वर्षांच्या गाडीला हे कशाला, हा प्रश्न बायकोने पहिल्या दिवशीच विचारला आणि तो बरोबरच होता. कारण माझा उजवा घोटा. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो, घोट्यात प्लेट बसली, चालायला काही त्रास नाही, ब्रेक दाबायलाही नाही, पण पाय एकाच कोनात अर्धवट दाबून अर्धा तास धरायचा म्हटलं की कसालपासून निघून झारापला पोचेपर्यंत आतून कोणीतरी स्क्रू पिळतंय असं वाटतं (खरंच स्क्रू आहेत आत, सहा). आणि गंमत अशी की जुना एनएच १७ होता तेव्हा हा त्रास झालाच नसता, कारण त्या रस्त्यावर एका स्पीडने दोन मिनिटं कोण चालवत होता? खड्डा आला, ब्रेक, एसटी आली, ब्रेक, वळण आलं, गियर. आता आमच्या सिंधुदुर्गातला एनएच ६६ चार पदरी काँक्रीटचा झालाय, कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप करत थेट पत्रादेवीपर्यंत सरळ पट्टा आहे, आणि माझी पद्मिनी त्यावर साठ-पासष्टने डाव्या लेनमधून आपली गुणगुणत जाते. रस्ता सुधारला आणि पाय दुखायला लागला. वरच्या बाजूला रत्नागिरी-रायगडात रस्त्याचं काय चाललंय त्यावर मी लिहीत नाही, लोकांनी लिहून लिहून बोटं झिजवलीत.

मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले हँड थ्रॉटल लाव की, जुन्या जीपला असायचं, खुंटी ओढली की अ‍ॅक्सिलरेटर तिथेच राहतो. पण हँड थ्रॉटल आणि क्रूझ यात फरक आहे. हँड थ्रॉटल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एका जागी बांधून ठेवणं. चढ आला की गाडी मेली, उतार आला की सुटली. क्रूझ स्पीड बघतं आणि त्याप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त करतं. हे मी समजावून सांगत होतो तेवढ्यात बाबा पडवीतून म्हणाले, "म्हणजे गव्हर्नर."

आणि संपलं. इतका वेळ मी इंटरनेटवर वाचून जे सांगत होतो ते एका शब्दात. आमची भाताची गिरण होती, १९९८ पर्यंत चालू होती, तिचं ते मोठं काळं डिझेल इंजिन, साडेसहाशे फेऱ्यांचं, धक् धक् धक्. भात हॉलरमध्ये, म्हणजे भरडायच्या मशीनमध्ये, ओतलं की इंजिनवर लोड यायचा, आवाज एक क्षण खाली बसायचा आणि मग गव्हर्नर डिझेल वाढवायचा की परत होता तसा. गव्हर्नर म्हणजे फिरणारी दोन वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं, मंद झालं की आत येतात आणि डिझेल वाढतं. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला हेच लावलं होतं. माझ्या किटमध्ये वजनांच्या जागी मॅग्नेट, स्प्रिंगच्या जागी एक डबी आणि डिझेलच्या जागी कार्ब्युरेटर, एवढाच काय तो फरक. त्या दिवसापासून घरात क्रूझ कंट्रोल हा शब्द बंद, सगळे गव्हर्नरच म्हणतात.

किट आतेभावाने दुबईहून येताना आणलं. बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात, एक व्हॅक्यूमवर चालणारं आणि एक इलेक्ट्रिक मोटरचं. व्हॅक्यूमचं स्वस्त असतं, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर एक रबरी पडदा ओढला जातो आणि तो अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढतो. पण दोन घोळ. एक म्हणजे माझ्या गाडीत ब्रेकला बूस्टर (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) नाही, म्हणजे व्हॅक्यूमची तयार तोटी नाही, इंजिनला भोक पाडून आटे पाडावे लागले असते आणि ते मला करायचं नव्हतं. दुसरा घोळ मोठा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर जसजसा उघडतो तसतशी ही ओढ कमी होते, म्हणजे नेमकी ताकद हवी तेव्हाच ओढणारा दमतो. त्यासाठी एक रिकामी टाकी लावून ओढ साठवून ठेवतात, पण कोकणात चढ काय एक असतो? आणि आमचं इंजिन चाळीसेक हॉर्सपॉवरचं, त्याला चढावर पाय नेहमी खालीच. त्यामुळे इलेक्ट्रिक. त्यात एक छोटी मोटर असते आणि तिच्यात इलेक्ट्रिकवर पकडणारा क्लच, करंट गेला की क्लच सुटतो आणि केबल मोकळी. हा सुटणारा क्लच पुढे फार महत्त्वाचा ठरला.

कामाला सुरुवात केली ती चुकीनेच. मागून गाडी उचलायची होती, जॅक लावला आणि अंगणात पडलेले जांभ्याचे चार चिरे रचून त्यावर अ‍ॅक्सल टेकवला. छान चौकोनी, एकावर एक बसणारे, आपल्याकडे घर त्यावर उभं राहतं तर गाडी का नाही. मेस्त्री सहज म्हणून डोकावले आणि तिथूनच ओरडले, "चिऱ्यार गाडी ठेवतंस? चिरो फुटलो तर तुका काढूक जेसीबी बोलवूचो लागतलो!" आणि खरंच आहे, भिंतीत चिऱ्यावर सगळीकडून सारखा भार येतो, इथे अ‍ॅक्सलचा एकाच जागी टोचतो, चिरा कधी दुभंगेल सांगता येत नाही. त्यांच्याकडचे लोखंडी स्टँड घेऊन आलो. हे वाचून कोणी घरी काम करणार असेल तर बाकी काही विसरा पण हे विसरू नका.

पहिलं काम अ‍ॅक्सिलरेटरचं. पद्मिनीत पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत केबल नाही, रॉड आणि बॉल जॉइंट आहेत, एकातून दुसऱ्यात, आणि प्रत्येक जॉइंटमध्ये ४० वर्षांची झीज. मी हाताने हलवून बघितलं तर पेडल बोटभर खाली जाईपर्यंत कार्ब्युरेटरपाशी काहीच हलत नव्हतं. चालवताना हे कळत नाही कारण आपला पाय ते सांभाळून घेतो, पण मशीन सांभाळून घेत नाही. म्हणून सर्व्होची, म्हणजे किटच्या त्या मोटरची, केबल मी रॉडांना न जोडता सरळ कार्ब्युरेटरच्या लिव्हरला जोडली. जोडायची कशी, तर मण्यांच्या साखळीने. बेसिनच्या बुचाला असते ना, बारीक स्टीलच्या मण्यांची, तशीच, किटमध्येच येते. साखळी का? कारण साखळीने ओढता येतं, ढकलता येत नाही. मी स्वतः पाय देऊन गाडी पळवली की साखळी सैल पडते आणि सर्व्होला त्याचा पत्ता नाही, सर्व्होने ओढलं की ताठ होते. इतकी साधी युक्ती आहे की मला ती बघून दहा मिनिटं आनंद होत होता.

सर्व्हो बसवायला पट्टी हवी होती, ती कुडाळ एमआयडीसीत एका ग्रिलवाल्याकडून तीन मिलिमीटरच्या पत्र्याची कापून वाकवून घेतली, त्याला पुठ्ठ्याचा नमुना दिला आणि तासाभरात मिळाली. बॉडीला नवीन भोक एकही नाही, होते त्याच बोल्टांवर बसवली. आणि कार्ब्युरेटरच्या लिव्हरला जुन्या रिटर्न स्प्रिंगबरोबर आणखी एक वेगळी स्प्रिंग, वेगळ्या ठिकाणी अडकवलेली. एक तुटली तर दुसरी.

मग मॅग्नेट. गाडीचा स्पीड किटला कळायचा कसा, तर प्रोपेलर शाफ्टवर दोन मॅग्नेट समोरासमोर बांधायचे, शेजारी अर्धा-पाऊण इंचावर एक कॉईल, शाफ्ट फिरला की प्रत्येक मॅग्नेटला एक ठोका. समोरासमोर अशासाठी की शाफ्टचा तोल जाऊ नये. आणि गियरबॉक्सच्या बाजूच्या टोकाला, कारण मागचं टोक खड्ड्यात डिफरन्शियलबरोबर (मागच्या दोन चाकांना फेरे वाटून देणारा गियरांचा डबा) खालीवर होतं आणि अंतर बदलतं. आता एका किलोमीटरला किती ठोके पडतात ते किटला सांगावं लागतं, त्यासाठी त्यात बारीक बारीक खटके आहेत. म्हणून मोजायला बसलो. चाकाला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, टेपने मोजलं, १ मीटर ८५ सेंटीमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४० फेरे. मग मागचं एक चाक उचललं, भाच्याला म्हटलं चाक दहा वेळा फिरव, मी खालून शाफ्टचे फेरे मोजतो. साडेएकवीस. परत मोजले, साडेएकवीस. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सव्वादोनच्या आत. हे काही बरोबर वाटेना, इतका कमी रेशो असता तर ही गाडी पहिल्या गियरमध्येही चढ चढली नसती. रात्री जेवताना बाबांना सांगितलं तर त्यांनी आमटी ओरपत विचारलं, दुसरं चाक जमिनीवरच होतं ना?

अर्थात होतं. डिफरन्शियल! एक चाक उभं असेल आणि दुसरं फिरत असेल तर शाफ्टला अर्धेच फेरे बसतात. म्हणजे खरे त्रेचाळीस. दहा फेऱ्यांना त्रेचाळीस, हां, आता जमलं. ५४० गुणिले ४.३ म्हणजे किलोमीटरला २३२२ फेरे, दोन मॅग्नेट म्हणून साधारण ४६५० ठोके. आणि टॉप गियरमध्ये शाफ्ट आणि इंजिन एकाच फेऱ्याने फिरतात, म्हणजे ताशी साठला इंजिन मिनिटाला तेवीसशे फेरे. इतकी वर्षं गाडी चालवतोय, हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

सगळं जोडलं, गाडी चालू केली, आणि किटवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा मॅग्नेट फिरला की लुकलुकायला हवा. गाडी उभी होती. न्यूट्रलमध्ये. म्हणजे गाडी मांगरात उभी आणि किटचं म्हणणं आपण कुठेतरी निघालोय. बंद केली की दिवा शांत, चालू केली की परत. मग लक्षात आलं की मी कॉईलची वायर इग्निशनच्या जाड वायरीला बिलगूनच आणली होती, आणि ह्या पॉइंट-कंडेन्सरवाल्या जुन्या इग्निशनचा गोंगाट एवढा असतो की शेजारच्या वायरीत आपोआप खोटे ठोके उमटतात. रेडिओत इंजिनबरोबर टर्रर्र ऐकू येतं ना, तेच. वायरीचे दोन्ही पदर एकमेकांना पीळ देऊन दुसऱ्या बाजूने फिरवून आणले, दिवा गप्प. बरोबरीने इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी बघितली तर ती खाऱ्या वाऱ्याने खाऊन चाळणी झालेली, हात लावला तर हिरवा भुगा. तीही बदलली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला, वर वॅसलीन. समुद्राच्या इतक्या जवळ गाडी ठेवायची तर अर्थिंग हा दरवर्षीचा सण आहे, गणपतीसारखा.

आता खरं काम. सगळे विचारतात स्पीड धरतं कसं, पण माझा अर्ध्याहून जास्त वेळ गेला तो धरलेलं सोडायचं कसं यावर. धरणं सोपं आहे हो, एक मोटर एक साखळी. पण ब्रेकला पाय लागला की त्याच क्षणी सुटलं पाहिजे, क्लच दाबला की सुटलं पाहिजे, वायर तुटली तर सुटलं पाहिजे, फ्यूज गेला तर सुटलं पाहिजे.

पद्मिनीचा ब्रेक लाईटचा स्विच ऑइलच्या प्रेशरवर चालतो. म्हणजे पेडल दाबून लाइनमध्ये प्रेशर आल्यावर दिवा लागतो, आणि माझ्या गाडीचा स्विच इतका म्हातारा की चांगला दाब दिल्याशिवाय लागायचाच नाही. मला तर नुसता पाय टेकला की क्रूझ सुटायला हवं होतं. उपाय बाईकच्या दुकानात मिळाला, मागच्या ब्रेकचा तो स्प्रिंगने ओढला जाणारा स्विच, अगदी किरकोळ पैशाचा. पेडलच्या दांड्याला स्प्रिंग अडकवली, पेडल जरा हललं की दिवा. जुना स्विचही ठेवला, दोन्ही बरोबरीने.

क्लचला मी आधी तसाच स्विच आणि एक रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, लावला. क्लच दाबला की रिले चालू, रिलेने किटचा करंट तोडायचा. कामही करत होतं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, की ह्या स्विचची वायर तुटली तर? तर रिले कधीच चालू होणार नाही, आणि मला ते कळणारही नाही, आणि एक दिवस क्रूझवर असताना मी क्लच दाबीन, इंजिनवरचा भार जाईल, स्पीड पडतोय असं समजून किट अ‍ॅक्सिलरेटर ओढत राहील आणि इंजिन किंचाळेल. सकाळी उठून सगळं उलटं केलं. मायक्रो स्विच लावला, क्लचचं पेडल वर असताना ते त्या स्विचला दाबून धरतं आणि त्याच्यातूनच किटला करंट जातो. पेडल हललं की करंट तुटला. वायर तुटली तरी करंट तुटला. म्हणजे काही बिघडलं तर क्रूझ बंदच पडणार, चालू राहणार नाही. शिवाय डॅशबोर्डखाली एक साधा खटका, सगळ्याचा करंट तोडणारा, अंधारात हाताला लागेल असा.

एवढं सगळं झालं आणि पहिल्या फेरीला निघालो तर क्रूझ लागायलाच तयार नाही. कसाल ते ओरोस बटण दाबतोय, काही नाही. परत आलो, मीटर घेऊन बसलो. स्पीडचे ठोके बरोबर, करंट बरोबर, क्लच स्विच बरोबर. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कागद नीट वाचला (जो मी पहिल्यांदा वाचायला हवा होता) आणि उलगडा झाला. ब्रेक लाईटच्या वायरीला किटची एक वायर जोडलेली असते. ब्रेक दाबलेला नसताना ही वायर मागच्या बल्बच्या तारेतून अर्थला पोचते, आणि किट ते तपासत असतं. अर्थ मिळाला म्हणजे बल्ब जागेवर, वायर शाबूत, ब्रेक दाबला तर मला नक्की कळेल. अर्थ नाही मिळाला तर किट म्हणतं मला ब्रेकचा भरवसा नाही, मी चालणार नाही. आणि मी मागच्याच वर्षी हौसेने मागे एलईडी बल्ब टाकले होते! एलईडीतून तसा अर्थ जात नाही. म्हणजे किट दोन दिवस मला इमानदारीने सांगत होतं की तुझ्या गाडीला ब्रेक लाईटच नाही. डब्यातून जुने २१ वॅटचे बल्ब काढून लावले आणि पुढच्याच मिनिटाला… नाही, पुढच्या दिवशी, कारण तोवर अंधार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना शेजारी बसवलं. बाबा आता ७९ चे, डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडून सहा वर्षं झाली, पण गाडीत बसले की काच खाली करून कोपर बाहेर, तीच ऐट. ओरोस सोडलं, रस्ता मोकळा होता, साठला बटण दाबलं आणि पाय उचलला. साखळी ताठ झाली, ते पेडलमध्ये जाणवलं नाही पण इंजिनच्या आवाजात कळलं, जसं कोणी आपल्या हातातलं ओझं हळूच घेतं. गाडी चालली होती. मी पाय मागे घेतला, घोटा फिरवून बघितला, आणि बावळटासारखा हसत होतो.

अर्धा मिनिट. मग गाडी डुलायला लागली. पासष्ट, मग छप्पन्न, परत चौसष्ट, परत पंचावन्न, पाळण्यासारखं, आणि प्रत्येक वेळी इंजिन ऊंऽऽ करून वर आणि मग उसासा टाकून खाली. मी खटका बंद करायला हात नेला तर बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"हंटिंग मारता ती," बाबा म्हणाले. "गव्हर्नराची स्प्रिंग ढिली झाली काय आपला इंजिन असाच करी. खंय तरी ढिला असा."

गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, साखळी बोटाने उचलून बघितली, चांगली दोन-तीन मणी सैल. म्हणजे किट ओढायला लागलं की आधी नुसती सैल साखळी ओढायचं, काही होईना म्हणून आणखी ओढायचं, मग एकदम ताठ होऊन जास्तीचा अ‍ॅक्सिलरेटर, मग घाबरून सोडायचं. दोन मणी आत घेतले, एक मणी मुद्दाम सैल ठेवला, नाहीतर आयडल, म्हणजे पाय न देता इंजिन फिरतं तो स्पीड, वाढतं. बरोबरीने किटचा संवेदनशीलतेचा खटका एक पायरी खाली केला. परत निघालो. साठ. साठ. एकसष्ट. साठ. पिंगुळीचा चढाव आला, आवाज एक क्षण बसला आणि इंजिनने स्वतःहून घसा खाकरून ताकद लावली, अगदी हॉलरमध्ये भात पडल्यावर लावायचं तशी. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसतं गुडघ्यावर बोटांनी ताल धरला.

हा प्रकार पहिल्यांदा ज्याने बनवला तो रॅल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनियर, पाच वर्षांचा असताना अपघातात दोन्ही डोळे गेलेला. त्याच्याबद्दल सांगतात की तो वकिलाच्या गाडीतून जायचा, वकील बोलायला लागला की गाडी मंद आणि ऐकायला लागला की जोरात, सतत धक्के, त्याला वैताग येऊन त्याने हे डोक्यात घेतलं. पेटंट १९५० चं, आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते विकायला आलं. आमची पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली ती इटलीची गाडी त्याच पन्नाशीच्या दशकातली. म्हणजे दोघं तसे एकाच वयाचे, भेटायला कसालच्या एका मांगरापर्यंत यावं लागलं.

झारापच्या पुढे बायपासला उजव्या बाजूच्या झुडपातून एक म्हैस रस्त्यावर आली, घाई नाही, काही नाही. माझा पाय ब्रेकवर गेला, नुसता टेकला, आणि खालून केबल सुटल्याचा 'टक' असा बारीक आवाज आला. बाकी ब्रेक मी नेहमीसारखाच दाबला, ड्रम ब्रेक आहेत, बूस्टर नाही, म्हशीच्या खूप आधीपासून विनंती करावी लागते. पण त्या 'टक'साठी मी तीन आठवडे गाडीखाली होतो.

आता थोडं काय जमत नाही तेही. घाटात हे वापरत नाही, वळणावर स्पीड धरून ठेवणारी वस्तू नकोच. लांब चढावर किट अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडतं आणि तरीही गाडी चाळीसच्या खाली आली की गुपचूप सोडून देतं, ते किटचं चुकत नाही, गाडीतच दम तेवढा. उतारावर तर त्याच्या हातात काही नाही, ते ब्रेक मारत नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडतं, पुढचं इंजिन आणि आपण. आणि पावसात अजिबात नाही. ओल्या काँक्रीटवर पाण्याच्या थरावरून चाक घसरलं तर आपला पाय आपोआप उचलला जातो, ह्याचा उचलला जाईलच असं नाही, त्याला उलट वाटू शकतं की जरा ओढायला हवं. म्हणजे जून ते सप्टेंबर गव्हर्नर सुट्टीवर. आमच्याकडे पाऊस पडतो त्या मानाने वर्षाचे आठ महिने मिळाले हेही खूप.

खर्च सगळा मिळून तीस हजाराच्या आतबाहेर, त्यातला बहुतेक किटचा. आबांना एकदा फिरवून आणलं, त्यांनी पूर्ण वेळ माझ्या पायाकडे बघितलं आणि उतरताना म्हणाले, "पाय रिकामो असा तर घराकडे येवन माझो पंप तरी बघ." बघितला. कंडेन्सर गेला होता.

एक काम राहिलंय. अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड फायरवॉलमधून (इंजिन आणि आपण बसतो त्यामधला पत्रा) जातो तिथला रबरी बूट फाटलाय, नवीन कुठे मिळत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर ह्या गाडीचं काहीही मिळायचं, २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली आणि तेव्हापासून असले बारके रबराचे तुकडे शोधणं म्हणजे तीर्थयात्रा. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. कोणाकडे मूळ बूट पडलेला असेल तर सांगा, मी घ्यायला येतो, रत्नागिरीपर्यंत असेल तर गाडी घेऊनच येतो.